गिटार विवर्धक : दोषनिदान व घरगुती दुरुस्ती

विद्युत् गिटारीच्या तारांच्या कंपनांपासून मिळणारा अतिशय क्षीण विद्युत् संकेत ध्वनिक्षेपक चालविण्याइतका सबळ करणाऱ्या साधनाला गिटार विवर्धक म्हणतात. व्यवहारात ॲम्प्लिफायर किंवा नुसते ‘ॲम्प’ ही नावे रूढ आहेत. हे साधन नादुरुस्त झाले असता दोष कोठे आहे हे क्रमाक्रमाने शोधून काढण्याच्या पद्धतीला दोषनिदान म्हणतात. निदानाचा बराचसा भाग विवर्धकाची पेटी न उघडता करता येतो व घरगुती वापरणाऱ्याने शक्यतो तेवढाच करावा. पेटी उघडल्यानंतरचे काम वेगळ्या प्रकारचे व जोखमीचे असते.

विवर्धकाच्या कार्याची व्याप्ती एका उदाहरणावरून लक्षात येईल. गिटारीच्या पिकअपकडून (तारांखाली बसविलेल्या, चुंबक व वेटोळे यांच्या जोडणीकडून) सर्वसाधारणपणे ०·१ व्होल्टच्या आसपास विद्युत् दाब मिळतो. विवर्धकाच्या आदानाचा (संकेत आत घेणाऱ्या टोकाचा) विद्युत् रोध सु. १० लक्ष ओहम असल्याने तेथे पोहोचणारी शक्ती एका वॉटाचा दहा कोटीवा हिस्सा इतकीच असते. उलट ८ ओहम रोधाच्या ध्वनिक्षेपकाला ५० वॉट शक्ती पुरवावयाची झाल्यास २० व्होल्ट दाब व २·५ अँपिअर प्रवाह लागतो. म्हणजे शक्तीत सु. ५०० कोटी पट वाढ होते. संकेताबरोबर आदानाशी शिरलेला कोणताही उपद्रव, मग तो सैल जोडाचा असो, जवळच्या नळीदिव्याचा असो किंवा मोबाइल दूरध्वनीचा असो, त्याच पटीत वाढतो. म्हणून गिटार विवर्धकातील कुरबुरींचे मूळ पुष्कळदा अगदी पुढच्या टोकाशी, म्हणजे गिटार, जोडतार व आदानाचा जॅक यांपाशी सापडते. ज्या भागातून मोठी शक्ती वाहते त्या मागच्या भागातील दोष मात्र कुरबुरीवर थांबत नाहीत. ते वितळतार घालवितात, धूर काढतात किंवा ध्वनिक्षेपक जाळतात.

रचना : संकेताचा मार्ग सरळ आहे. गिटार, जोडतार, आदान जॅक, पूर्वविवर्धक (संकेताला पहिली उचल देणारा भाग), स्वर व आवाज नियंत्रित करणारी बटणे, शक्तिविवर्धक आणि शेवटी ध्वनिक्षेपक असा हा क्रम असतो. पुष्कळ विवर्धकांत पूर्वविवर्धक व शक्तिविवर्धक यांच्यामध्ये संकेत बाहेर काढून, प्रतिध्वनीसारख्या प्रयुक्तीतून फिरवून पुन्हा आत आणण्यासाठी दोन जॅक ठेवलेले असतात. निदानाच्या कामी ते फार उपयोगी पडतात. या सर्व भागांना वीज पुरविणारा शक्तिपुरवठा हा भाग स्वतंत्र असतो. त्यात रोहित्र, एकदिशकारक (उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाला एकाच दिशेने वाहावयास लावणारी प्रयुक्ती) व गाळणी धारित्रे येतात.

विवर्धन घडविणारा घटक इलेक्ट्रॉन नलिका, ट्रँझिस्टर किंवा एकत्रित मंडल यांपैकी असतो. अलीकडच्या काही विवर्धकांत संकेताचे अंकांत रूपांतर करून त्यावर गणिती प्रक्रिया करतात. नलिकांना व्यवहारात व्हॉल्व्ह म्हणतात. रेडिओ ग्राहीतून त्या केव्हाच हद्दपार झाल्या, पण गिटारवादकांनी त्या आजही सोडलेल्या नाहीत. बंगलोर (आता बेंगळूरु) येथील भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी उद्योगाने पूर्वी तयार केलेल्या ईएल ८४ व ईसीसी ८३ या नलिका जुन्या रेडिओंतून काढून गिटार विवर्धकांत वापरल्या जातात, कारण हेच दोन प्रकार गिटार विवर्धकांतही सर्रास असतात.

विकृती ही गुणच ठरल्याचे उदाहरण : दोषनिदान करणाऱ्याची या साधनाच्या बाबतीत एक विशेष अडचण होते. अन्य ध्वनिविवर्धकांत संकेताचे रूप न बदलता तो मोठा करणे हे ध्येय असते. गिटार विवर्धकात मात्र रूप बदलणे हे पुष्कळदा इष्ट समजले जाते. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्टी रॉबिन्झ या अमेरिकन गायकाच्या ‘डोन्ट वरी’ या ध्वनिमुद्रिकेत ग्रेडी मार्टिन यांनी वाजविलेल्या गिटारीचा आवाज ध्वनिमुद्रण मंचकातील एका बिघडलेल्या मार्गिकेमुळे फाटका, गुरगुरणारा असा उमटला. तो लोकांना आवडला आणि १९६२ मध्ये तसा आवाज मुद्दाम काढून देणारी माएस्ट्रो फझ-टोन ही प्रयुक्ती बाजारात आली. १९६४ मध्ये किंक्स या इंग्‍लिश वाद्यवृंदातील डेव्ह डेव्हिस यांनी आपल्या ध्वनिक्षेपकाचा कागदी शंकू पात्याने चिरून हवा तसा आवाज मिळविला. म्हणून ‘आवाज फाटतो’ ही तक्रार ऐकल्यावर, तो पूर्वीही असाच फाटत होता काय आणि बटणे कोठे लावलेली आहेत, हे आधी विचारून घ्यावे लागते. दोष म्हणजे वाईट आवाज नव्हे. कालपर्यंत येणारा आवाज आज येईनासा होणे हा दोष होय.

धोका : विजेच्या उपकरणांत संगीतकाराची स्थिती विशेष धोक्याची असते. गिटारीच्या धातूच्या तारा जोडतारेच्या बाह्य कवचामार्फत विवर्धकाच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात व वादकाचे हात सतत त्या तारांवर असतात. सांगाडा भूसंपर्कित नसेल आणि काही दोषामुळे वीजवाहक तार त्याला टेकली असेल, तर त्या वादकाने दुसरी एखादी भूसंपर्कित वस्तू, उदा., ध्वनिग्राहकाचा दांडा, नळ, ओली फरशी, यांना स्पर्श करताच प्रवाह त्याच्या शरीरातून वाहतो. स्टोन द क्रोझ या स्कॉटिश वाद्यवृंदातील गिटारवादक लेस हार्वी यांचा ३ मे १९७२ रोजी स्वान्झी येथे रंगमंचावर ध्वनिग्राहकाला हात लावताच मृत्यू झाला. यार्डबर्ड्‌स या वाद्यवृंदाचे पूर्वीचे गायक कीथ रेल्फ हे मे १९७६ मध्ये घरीच गिटार वाजवीत असता विजेच्या धक्क्याने मरण पावले. त्यांच्या साधनाचे भूसंपर्कन सदोष होते. अपघात रंगमंचावरच घडतात असे नाही, हे यावरून दिसते.

यासाठी निदानाची पहिली पायरी ध्वनीविषयी नसून भूसंपर्काविषयी असावयास हवी. आपल्याकडील तीन खिट्यांच्या प्लगातील सर्वांत मोठी व लांब खिटी ही भूसंपर्काची असते. जुन्या तारांत हिरवे आणि नव्या तारांत हिरवे-पिवळे आवरण असलेली तार या खिटीला जोडलेली असते. दोन भोकांच्या खोबणीत बसावा म्हणून ही खिटी कापून टाकण्याची किंवा तार मोकळी ठेवण्याची सवय फार घातक आहे. गुणगुण कमी होते म्हणून भूसंपर्क तोडण्याचा सल्ला काही जाणकार म्हणविणारेही देतात. गुणगुण खरोखर कमी होते, परंतु जिवाचे रक्षण करणारी एकमेव तारही त्याबरोबर जाते. वीजपुरवठा बंद करून, तार खोबणीतून काढून, बहुमापकाने प्लगाची मोठी खिटी व विवर्धकाचा धातूचा सांगाडा यांमधील रोध मोजावा. तो एका ओहमपेक्षा कमी असला पाहिजे.

एवढ्याने काम संपत नाही, कारण घराच्या खोबणीतच भूसंपर्क नसेल तर विवर्धकाची तार निरुपयोगी ठरते. खोबणीत वीजवाहक व शून्यभार तारांमध्ये जितका दाब दिसतो, जवळजवळ तितकाच वीजवाहक व भूसंपर्क यांमध्ये दिसावा. शून्यभार व भूसंपर्क यांमध्ये फार तर काही व्होल्ट दिसावेत. तथापि अंकदर्शी बहुमापकाचा स्वतःचा रोध फार मोठा असल्याने निकृष्ट भूसंपर्कही त्यावर चांगला भासू शकतो. म्हणून शंका असल्यास परवानाधारक तारतंत्र्याकडून योग्य उपकरणाने परीक्षा करून घ्यावी. ३० मिलिअँपिअर गळतीला पुरवठा तोडणारा आरसीसीबी हा स्विच घरात बसविलेला असल्यास संरक्षण पुष्कळच वाढते.

दुसरा धोका विवर्धकाच्या आतील धारित्रांचा. नलिकायुक्त विवर्धकात ३०० ते ५०० व्होल्ट एकदिश दाब असतो आणि गाळणी धारित्रे हा भार वीज बंद केल्यावरही धरून ठेवतात. ट्रँझिस्टर विवर्धकात हा दाब बराच कमी असतो. मात्र रोहित्राऐवजी स्विचन पद्धतीचा शक्तिपुरवठा असलेल्या हलक्या विवर्धकांत २३० व्होल्टचे सरळ एकदिशीकरण होऊन धारित्रावर सु. ३२५ व्होल्ट चढतात. तेव्हा वजनाने हलके म्हणजे निर्धोक असे मुळीच नाही. आत हात घालण्यापूर्वी तार खोबणीतून काढून, २२ किलोओहम, ५ वॉटचा रोधक विद्युत् निरोधक आवरणाच्या चिमट्यांनी धारित्राच्या दोन टोकांना अर्धा मिनिट जोडून ठेवतात व नंतर बहुमापकाने दाब मोजून खात्री करतात. पेचकसाने टोके एकत्र टेकवून ठिणगी पाडण्याची रीत धारित्राला व डोळ्यांना अपायकारक आहे. ही मापने सहजपणे करण्याचा सराव नसेल, तर पेटीचे स्क्रू न काढणे हेच बरे.

निदानाची दिशा : अनुभवी कारागीर प्रथम साधनाला हात न लावता प्रश्न विचारतो. आवाज एकदम गेला की हळूहळू? गेला तेव्हा ‘फट्’ असा आवाज, वास किंवा धूर आला काय? त्याच वेळी घरातील किंवा शेजारची अन्य उपकरणे बिघडली काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असल्यास विवर्धकाऐवजी वीजपुरवठ्याकडे पहावे. तीन कलांच्या वितरणात शून्यभार तार तुटल्यास काही घरांत दाब २३० व्होल्टऐवजी ४०० व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो व एकाच गल्लीतील दूरचित्रवाणी संच, पंखे आणि विवर्धक एका क्षणात निकामी होतात.

यानंतर संकेताच्या मार्गातील एकेक दुवा चांगल्या दुव्याने बदलून पाहतात. सर्वांत आधी जोडतार बदलावी. गिटारीची जोडतार वारंवार पायाखाली येते, गुंडाळली जाते व जॅकाशी वाकते. त्यामुळे ती आतून तुटते आणि बाहेरून धडधाकट दिसते. कितीतरी विवर्धक निव्वळ तारेपायी दुरुस्तीला नेले जातात. तार बदलून फरक पडला नाही तर दुसरी गिटार लावून पहावी आणि पायाने चालविण्याच्या सर्व प्रयुक्त्या मधून काढून गिटार सरळ विवर्धकाला जोडावी. गिटारीत बॅटरी असल्यास तीही तपासावी. अशा बहुतेक गिटारींत जोडतार आत खुपसली की बॅटरी चालू होते व ती रात्रभर तशीच राहिल्यास सकाळी आवाज क्षीण व फाटका येतो.

एवढे करून दोष विवर्धकातच आहे असे ठरल्यास मार्गाचे दोन भाग पाडतात. संकेत बाहेर नेणाऱ्या व आत आणणाऱ्या जॅकांचा येथे उपयोग होतो. मोबाइल दूरध्वनी किंवा अन्य साधनाचा संगीतसंकेत आवाज अगदी कमी ठेवून आत आणणाऱ्या जॅकात सोडावा. संगीत नीट ऐकू आले तर शक्तिविवर्धक व ध्वनिक्षेपक ठीक असून दोष पूर्वविवर्धकात आहे. ऐकू आले नाही तर दोष मागच्या भागात आहे. या जॅकांत एक स्प्रिंगयुक्त पट्टीही असते. काही खुपसले नसताना ती दोन्ही भागांना जोडून ठेवते. कित्येक वर्षे न वापरल्याने तिच्यावर ऑक्साइडाचा थर बसतो, संकेत अडतो आणि आवाज मध्येच क्षीण होऊन एकदम परत येतो. दोन्ही जॅकांत एक छोटी जोडतार खुपसून आवाज पूर्ववत झाला, तर दोष सापडला असे समजावे. जॅक दहा-वीस वेळा खुपसून काढल्यानेही पुष्कळदा काम होते.

संपूर्ण नि:शब्दता : दर्शक दिवाही लागत नसेल तर अनुक्रमे खोबण, तार व वितळतार पहावी. वितळलेली तार स्वतःच पुष्कळ सांगते. काचनळीतील तार मध्ये नुसती तुटली असेल, तर ती जुनी झालेली असणे किंवा किंचित जादा भार हे कारण संभवते. काच आतून काळी किंवा रुपेरी झाली असेल, तर मोठा लघुपथन (शॉर्ट) प्रवाह वाहून गेला आहे असे समजावे. नवी वितळतार त्याच अँपिअरची व त्याच प्रकारची, म्हणजे मंदगती असल्यास मंदगतीच, बसवावी. ती पुन्हा गेली तर तिसरी बसवू नये. चांदीचा कागद किंवा तांब्याच्या तारेचा पदर गुंडाळून विवर्धक ‘चालू करून देण्याची’ पद्धत आपल्या वीजजोडण्यांत जुनी आहे. तिच्यामुळे दहा रुपयांच्या वितळतारेऐवजी रोहित्र वितळते.

येथे एक साधी व मोलाची युक्ती सांगण्यासारखी आहे. ६० ते १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा तंतुदीप विवर्धकाशी एकसरीत जोडतात. आत लघुपथन असेल तर दिवा पूर्ण प्रकाशाने पेटून राहतो व विवर्धकाला अपाय होत नाही. आत सर्व ठीक असेल तर दिवा क्षणभर उजळून मंदावतो. एलईडी दिव्यांमुळे तंतुदीप दुर्मिळ झाले असले, तरी दुरुस्ती करणाऱ्याने एक-दोन जपून ठेवावेत, कारण एलईडी दिव्याने हे काम होत नाही. स्विचन पद्धतीचा शक्तिपुरवठा मात्र या जोडणीत अडखळत चालू-बंद होतो. त्यावरून निष्कर्ष काढू नये.

दर्शक दिवा लागतो, पण आवाज मुळीच नाही, अशा वेळी ध्वनिक्षेपक सुटा करून तपासावा. ८ ओहमच्या ध्वनिक्षेपकाचा बहुमापकावर दिसणारा रोध सु. ६ ते ७ ओहम असतो. तो अनंत दिसल्यास वेटोळे तुटले आहे. मापक नसल्यास १·५ व्होल्टचा साधा घट क्षणभर टेकवावा. ‘थप्’ असा आवाज होऊन शंकू हलला पाहिजे. शंकू दोन्ही हातांच्या बोटांनी सारखा दाबून हलकेच आत ढकलल्यावर घासल्याचा आवाज आला, तर वेटोळे चुंबकाच्या फटीत वाकले किंवा जळले आहे. ट्रँझिस्टर विवर्धकात ध्वनिक्षेपक जळलेला आढळल्यास लगेच नवा जोडणे ही मोठी चूक ठरते. प्रदान ट्रँझिस्टरांपैकी एक लघुपथित झाला म्हणजे ध्वनिक्षेपकाकडे सरळ एकदिश दाब जातो, शंकू एका बाजूला ताणून राहतो आणि वेटोळे काही क्षणांत जळते. कारण तसेच असेल तर नवा ध्वनिक्षेपकही तसाच जाईल. म्हणून आधी विवर्धकाच्या प्रदान टोकांवरील एकदिश दाब मोजतात. तो ०·१ व्होल्टच्या आत असावा. नलिकायुक्त विवर्धकात याच्या उलट नियम आहे. तो ध्वनिक्षेपक जोडल्याशिवाय चालू करून वाजवू नये, कारण भाराविना प्रदान रोहित्रात अतिशय उच्च दाब निर्माण होऊन त्याचे निरोधन फुटते.

गुणगुण : बिघडलेल्या विवर्धकाची सर्वांत सामान्य तक्रार हीच असते आणि तिचे निदान कानाने उत्तम होते. भारतातील वीजपुरवठ्याची कंप्रता ५० हर्ट्‌झ आहे. भूसंपर्क, जोडतारेचे तुटलेले कवच, जवळचे रोहित्र किंवा नलिकेचा तापक यांपासून येणारी गुणगुण मुख्यतः ५० हर्ट्‌झची असते. पूर्ण एकदिशीकरणानंतर प्रवाहात राहणारे तरंग मात्र दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्‌झचे असतात. ते ऐकू येणे हे गाळणी धारित्रे वाळल्याचे लक्षण होय. या दोहोंतील फरक ओळखण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. गिटार सुरात लावून सहाव्या (सर्वांत जाड) तारेवर तिसऱ्या पडद्यावर वाजविलेल्या स्वराची कंप्रता ९८ हर्ट्‌झ असते. गुणगुण १०० हर्ट्‌झची असेल तर हा स्वर तिच्याशी जवळजवळ मिळतो व दोहोंत सेकंदाला सु. दोन डोल स्पष्ट ऐकू येतात. गुणगुण त्या स्वराच्या बरोबर एक सप्तक खाली भासली तर ती ५० हर्ट्‌झची. तंबोरा मिळविण्याची सवय असलेल्या कानाला हा भेद लगेच कळतो.

गिटारीवरील आवाजाचे बटण शून्यावर आणून गुणगुण थांबली, तर ती गिटारीतून येत आहे. एकेरी वेटोळ्याच्या पिकअपमध्ये ती थोडीफार असतेच व वादक जागच्या जागी वळला की कमी-जास्त होते. तारांना हात लावताच ती कमी होणे हेही नेहमीचेच आहे. तारांना हात लावताच ती वाढली किंवा हाताला मुंग्या आल्या, तर मात्र तत्काळ स्विच बंद करून प्लग काढावा व भूसंपर्काची तपासणी होईपर्यंत साधन वापरू नये. अमेरिकेत १९६० च्या सुमारास तयार झालेल्या दोन खिट्यांच्या विवर्धकांत वीजवाहिनी व सांगाडा यांमध्ये एक धारित्र जोडलेले असे. ते लघुपथित झाल्यास सांगाड्यावर पूर्ण वीजदाब येतो. तेथील कारागिरांनी त्याला ‘मरणधारित्र’ या अर्थाचे नाव दिले आहे. असा जुना विवर्धक हाती आल्यास ते धारित्र काढून तीन तारांची जोडणी करून घेणे हेच पहिले काम. परदेशातील आप्तांकडून आलेल्या विवर्धकांच्या बाबतीत आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. अमेरिकेतील साधन १२० व्होल्टसाठी असते व मागील बाजूस दाब निवडण्याचा स्विच नसेल, तर येथील खोबणीत लावताच जळते.

खरखर, फाटका आवाज व अधूनमधून येणारे दोष : बटण फिरवताना येणारी खरखर बदलत्या रोधकाच्या कार्बन पट्ट्यावर धूळ बसल्याने येते. संपर्क स्वच्छ करणाऱ्या फवाऱ्याचे दोन-चार थेंब आत सोडून बटण वीस-पंचवीस वेळा पूर्ण फिरवल्यास ती जाते. रॉकेल किंवा शिवणयंत्राचे तेल वापरू नये. त्याने तात्पुरता आराम पडतो, पण धूळ अधिक चिकटते. स्वच्छ करूनही खरखर तशीच राहिली, तर मागील टप्प्यातील जोडधारित्रातून एकदिश दाब गळत असण्याचा संभव असतो. बटण न फिरवताही तडतड होत असल्यास नलिकायुक्त विवर्धकात प्रत्येक लहान नलिकेवर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारून पाहतात. सदोष नलिका टिचकीचा आवाज घंटेसारखा मोठा करून ऐकविते. नलिकेच्या काचेवरील आतला चकचकीत रुपेरी डाग पांढरा झाला असेल, तर आत हवा शिरली आहे व ती नलिका संपली. मोठ्या नलिकेचे धनाग्र लालभडक दिसू लागले, तर विचार न करता स्विच बंद करावा.

अधूनमधून येणारा दोष सर्वांत चिवट. अर्ध्या तासाने, विवर्धक तापल्यावर आवाज जातो आणि कारागिराच्या टेबलावर तो उत्तम चालतो. डाखाचा जोड थंड राहिलेला असणे, म्हणजे डाख धातूशी एकजीव न होणे, हे याचे नेहमीचे कारण होय. जॅक मुद्रित मंडलाच्या पाटीवरच बसविलेले असल्यास जोडतारेच्या ओढीने त्यांच्या पायांभोवती केसासारखी गोल भेग पडते. भिंगातून ती दिसते व पुन्हा डाख दिल्याने दोष जातो. अशा दोषाची नोंद वादकानेच ठेवावी. किती वेळाने, कोणत्या बटणाच्या स्थितीत, पेटीवर थाप मारल्यास काय होते, या तीन गोष्टी लिहून दिल्यास दुरुस्तीचा खर्च निम्म्याने कमी होण्यासारखा असतो.

महाराष्ट्रातील परिस्थिती : हवामान व वीजपुरवठा यांनुसार दोषांचे स्वरूप बदलते. कोकण व मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत जॅक व स्विच गंजतात आणि तांब्यावर हिरवा थर चढतो. पठारी भागात धूळ हा मुख्य शत्रू असतो. काष्टी (ता. श्रीगोंदे, जि. अहिल्यानगर, २०२४ पर्यंतचे जिल्ह्याचे नाव अहमदनगर) हे दौंड–मनमाड लोहमार्गावरील गाव शनिवारी भरणाऱ्या जनावरांच्या बाजाराबद्दल प्रसिद्ध आहे. अशा गावी रस्त्यालगतच्या घरात ठेवलेल्या विवर्धकात वर्षभरात धुळीचा जाड थर साचतो, थंड करणारी पंख्याची जाळी बुजते व शक्तिट्रँझिस्टर तापून जातात. वापर नसेल तेव्हा जाड सुती आच्छादन घालणे आणि वर्षातून एकदा मऊ कुंचल्याने जाळी साफ करणे हा यावरील साधा उपाय होय. पावसाळ्यात उबेसाठी पाली व मुंग्या आत शिरतात आणि शक्तिपुरवठ्यात लघुपथन घडवितात. मोकळी भोके बारीक जाळीने बंद करणे श्रेयस्कर.

बागायती भागात शेतीपंप चालू असताना दाब उतरतो. भारतीय वीज नियम, १९५६ नुसार कमी दाबाच्या पुरवठ्यात सहा टक्क्यांपर्यंतच फरक अनुज्ञेय होता. म्हणजे २३० व्होल्टच्या बाबतीत २१६ ते २४४ व्होल्ट. पुरवठावाहिनीच्या टोकाला असलेल्या वस्तीत प्रत्यक्ष दाब याहून बराच खाली आढळू शकतो. ६·३ व्होल्टवर चालणारे नलिकांचे तापक अशा वेळी पुरेसे तापत नाहीत, आवाज दबका व निर्जीव येतो आणि वादक नलिका बदलण्याच्या मागे लागतो. संध्याकाळी मंद व मध्यरात्री खणखणीत वाजणारा विवर्धक बिघडलेला नसतो. खोबणीतील दाब दोन्ही वेळा मोजून पाहिला तर शंका राहत नाही. उपाय म्हणून पुरेशा क्षमतेचा दाबनियामक वापरतात. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळून कोरडी पडली की भूसंपर्काचा खड्डाही कोरडा पडतो व त्याचा रोध वाढतो. म्हणून त्यात अधूनमधून पाणी घालावे लागते. हे काम घरोघर विसरले जाते आणि धक्का बसल्यावर आठवते.

गिटारीपेक्षा महाराष्ट्रात अधिक परिचित असलेले या वर्गातील वाद्य म्हणजे बेंजो. नावाने पाश्चात्त्य वाटला, तरी तो बुलबुल तरंगाचाच प्रकार असून त्याचे मूळ १९१२ मध्ये जपानात तयार झालेल्या ताइशोगोतो या वाद्याकडे नेले जाते. टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेल्या या वाद्याला पिकअप बसवून, गणेशोत्सवात व लग्नाच्या वरातीत गाड्यावर ठेवलेल्या विवर्धकातून ते वाजवितात. या पथकांचे विवर्धक बहुधा जनित्रावर चालतात. जनित्राचा दाब व कंप्रता भाराप्रमाणे हलतात, ठोके व हादरे जोड सैल करतात आणि हलत्या गाड्यावर भूसंपर्क जवळजवळ नसतोच. म्हणून गाड्यावरील सर्व साधनांचे सांगाडे व जनित्राची चौकट एकमेकांना जाड तारेने जोडून ठेवणे व जनित्राच्या प्रदानाशी गळतीरोधक स्विच बसविणे अगत्याचे असते. जनित्राची शून्यभार तार चौकटीशी जोडलेली असल्याशिवाय हा स्विच काम करीत नाही. ही जोडणी तारतंत्र्याकडूनच करून घ्यावी. पावसात वाजविताना ही काळजी विशेष घ्यावी लागते.

सुटे भाग मिळविण्याची ठिकाणे ठरलेली आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रस्ता (अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) व पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली येथे रोधक, धारित्रे, ट्रँझिस्टर व जॅक मिळतात. धारित्र बदलताना मूळच्याइतके किंवा जास्त व्होल्टचे व १०५° से. तापमानाला टिकणारे घ्यावे आणि धन-ऋण टोके उलटी होऊ देऊ नयेत. उलट जोडलेले विद्युत् विच्छेद्य धारित्र फुटते. रोहित्र जळाल्यास, प्रदान नलिकांचा अधिस्थिर दाब जुळवावयाचा असल्यास किंवा स्विचन शक्तिपुरवठा बिघडल्यास साधन कारागिराकडे द्यावे. रेडिओ व दूरचित्रवाणी दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिरांना नलिकांच्या उच्च दाबाचा सराव असतो, त्यामुळे गिटार विवर्धक त्यांनी पूर्वी हाताळलेला नसला, तरी मंडलाची आकृती सोबत दिल्यास ते तो समाधानकारक रीतीने दुरुस्त करू शकतात.